तुळसाक्काची तुकडेवाटणी

तुळसाक्कानं माझी पहिली ओळख करून घेतली ती माझ्या पोलक्यावरून. आम्ही पुण्याहून बेंगळूरला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बादली घेऊन गल्लीतल्या नळावर उभी होते. समोरच्या घरातून एक ठेंगणी, काष्ट्यातली बाई तरातरा आली. माझ्या तोंडाकडे न बघता तिनं माझी बाही दोन बोटांत धरली, आतली शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "शिंप्यानं पाव वार खाल्ला की गं तुझा." त्यानंतर तिनं माझं नाव विचारलं. मी आधीच परक्या गावात आल्यामुळे रडवेली झाले होते. त्यात पुण्याच्या ज्या शिंप्याला आम्ही दोन पिढ्या देवमाणूस समजत होतो तो चोर निघाला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की समोर एक भोचक बाई राहते, तिच्याशी संबंध ठेवायचा नाही. पुढची सहा वर्षं माझा निम्मा दिवस त्याच बाईच्या ओट्यावर गेला.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. राजाजीनगर नवंनवं वसत होतं. आमच्या गल्लीत नऊ घरं. बहुतेकांचे नवरे आसपासच्या कारखान्यांत, निम्मी घरं कानडी, दोन तामिळ, आणि मराठी म्हणाल तर तुळसाक्काचं आणि आमचं. पण तिची मराठी आणि माझी मराठी यांची ओळख पटायलाच दोन महिने लागले. मी गोधडी म्हणे, ती कौदी म्हणे. मी कपाट म्हणे, ती बीरू म्हणे. ओट्याला जगली आणि थोड्याला स्वल्प. माझं बोलणं ऐकून ती गल्लीतल्या बायकांना कानडीतून सांगे, की बिचारीला मराठी नीट येत नाही, हळूहळू शिकेल. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर तंबू शिवायला म्हणून इकडे आले होते. फौज परत गेली, यांचे तंबू शिवून व्हायचे होते, म्हणून हे राहिले. हे ती अशा स्वरात सांगे, की जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे आणि परत जायचं अजून पक्कं ठरायचंय.

नवरा वारल्यावर ती एकटीच राहत होती. तिच्या माजघरात एक भलंमोठं लाकडी बीरू होतं आणि त्यात खालपासून वरपर्यंत कापडाचे तुकडे होते. त्यांना चिंध्या म्हटलेलं तिला खपत नसे. "चिंधी बोटाला बांधतात. हा तुकडा आहे," असं ती बजावायची. आता तुकडे लावायचे तर कुणीही शहाणी बाई रंगाप्रमाणे लावील, किंवा सुती-रेशमी असे वेगळे करील. तुळसाक्कानं ते स्वभावाप्रमाणे लावले होते. सगळ्यात खालच्या फळीवर सासवा, म्हणजे मांजरपाट, जीन, खादी अशी जाडीभरडी, वर्षानुवर्षं टिकणारी आणि शेजारच्या नाजूक कापडाला घासूनघासून संपवणारी मंडळी. त्यांच्या वर सुना. मऊ, नवी, अजून पाण्यात न गेलेली कापडं, जी पहिल्या धुण्यात किती आटतील ते सांगता येत नाही. तिसऱ्या फळीवर जावई, म्हणजे सगळं रेशीम. कामाचं नाही, धुता येत नाही, पण मधोमध बसवावं लागतं आणि मान द्यावा लागतो. त्याच्या वर पाहुणे. रंग जाणारी कापडं. आली की दुसऱ्याला रंगवून जातात, म्हणून त्यांना काठाशी ठेवायचं. आणि सगळ्यात वर बाप्ये, म्हणजे कोटापँटींची लोकरी कापडं. "ऊब देतात, पण सुईचं ऐकत नाहीत," हा त्यांच्याबद्दलचा तिचा शेरा होता. नवी सून म्हणून घरात आलेल्या बाईला ती सासू आणि सून या दोन फळ्यांमधलं अंतर दाखवून गोधडीत त्यांच्या मध्ये काय शिवायचं ते समजावून सांगे. ती फक्त कापडाबद्दलच बोलत असे, पण ऐकणारीची सासू जर शेजारी बसलेली असली तर तिचा चेहरा बघण्यासारखा होई.

दर बुधवारी सकाळी ती बसनं चिकपेटेत जायची. तिथं तिचा चुलतभाऊ पांडुअण्णा याचं शिंप्याचं दुकान होतं. त्याच्याकडे आणि त्याच्या ओळीतल्या इतर दुकानांत आठवड्याची कात्रणं गाठोडी बांधून तिच्यासाठी ठेवलेली असत. शिंपी तिला वचकून असायचे. कात्रण हातात घेऊन ती विचारायची, "हा गुबाळ्या गिऱ्हाईक कोण? पोटावर चार बोटं वाढवलीस की." किंवा, "या घरात लग्न आहे काय?" साठचं दशक उजाडलं आणि पोरं घट्ट पायांच्या पँटी घालू लागली. गल्लीतले बाप कपाळाला हात लावून बसले. तुळसाक्का मात्र त्या पोरांना तोंड भरून आशीर्वाद देई, कारण पँटी अरुंद झाल्या की कात्रण रुंद मिळतं.

आणि गुरुवारी दुपारी वाटणी. जेवणं आवरली की आम्ही तिच्या जगलीवर जमायचो. मागायचं नाही, निवडायचं नाही, आपल्याच घरातून तिला दिलेलं जुनं कापड परत घ्यायचं नाही, एवढे नियम. ती आपल्या चेहऱ्याकडे बघायची आणि बीरूतून काहीतरी काढून हातात द्यायची. कुठल्या तुकड्याशेजारी काय लावायचं तेही सांगायची. तिचं ऐकून शिवलेली गोधडी अशी दिसे, की दोरीवर वाळत घातली तर रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत.

एकदा माझं आणि राजम्माचं नळावरून कडाक्याचं भांडण झालं. राजम्मा म्हणजे आमच्या उजव्या हाताची शेजारीण. सगळ्या गल्लीत तिच्या हातांना वेग जास्त आणि जिभेला त्याहून जास्त. कुणी कुणाची बादली सरकवली हे आता आठवत नाही, पण चूक तिची होती हे नक्की आठवतं. आम्ही बोलणं टाकलं. त्या गुरुवारी तुळसाक्कानं मला निळ्या फुलांचं सुंदर कापड दिलं. घरी येऊन मांडलं तर मध्यावरचं फूल अर्धंच. उरलेलं अर्धं कुठं असणार ते कळायला ज्योतिषी नको होता. मी आठ दिवस हट्टानं थांबले. नवव्या दिवशी राजम्माच दारात उभी राहिली, हातात अर्धं फूल. "नाही बोलायचं तर नको बोलू," ती म्हणाली, "पण हे दे तरी, नाहीतर घे तरी." पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी एकत्र गेलो तेव्हा तुळसाक्कानं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचं लक्ष पाहुण्यांच्या फळीवर होतं.

या सगळ्या राज्याला धोका एकच होता, तो म्हणजे तिचा मुलगा नागेश. तो हुबळीला रेल्वेत होता. माणूस भला, आईवर जीव, पण आई एकटी राहते हे त्याला खुपत होतं. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि उगादीला म्हणजे पाडव्याला, तो यायचा आणि चल म्हणायचा. त्याच्या घरात जागा होती, प्रेमळ बायको होती. बीरूला मात्र जागा नव्हती. तुकडे गाद्यावाल्याला भरायला देऊन टाकू, असं तो एकदा म्हणाला आणि त्या दिवशी त्याला आईनं वाढलेल्या भातात मीठ नव्हतं. शेवटी दोघांत करार झाला. ज्या दिवशी तिला सुईत दोरा स्वतः ओवता येणार नाही, त्या दिवशी ती मुकाट्यानं हुबळीला येईल. नागेश आला की चहा घेऊन समोर बसायचा. ती त्याच्या देखत सुई ओवायची. तो हसून परत जायचा. गल्ली पुन्हा सहा महिने निर्धास्त.

मग एका गुरुवारी तिनं माझ्या हातात झगझगीत पोपटी तुकडा ठेवला आणि म्हणाली, "ही अबोली घे. तुझ्या त्या फिकट पिवळ्याशेजारी लाव, गोड दिसेल." मी राजम्माकडे पाहिलं. राजम्माच्या हातात राणी रंगाचा तुकडा होता आणि तिला तो राखाडी म्हणून मिळाला होता. आम्ही दोघींनी बरं म्हटलं. पुढच्या आठवड्यात दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या साडीला तुळसाक्कानं "जेवलीस काय गं?" म्हणून विचारलं. साडी काही बोलली नाही. संध्याकाळी मी गेले तेव्हा अक्का फुगून बसली होती, की पुण्याच्या माणसांना शिष्टपणा फार.

मोतीबिंदू होता, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. पण ऑपरेशन म्हणजे तेव्हा डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसच्या दिवस निपचित पडायचं, बोलायचंसुद्धा नाही. हे तिला कोण सांगणार? आणि त्याआधी नागेशला कळवावं लागणार, म्हणजे करार मोडला, बीरू गेलं, गुरुवार गेला. आम्ही बायकांनी बैठक न घेता एक ठराव पास केला, की कुणीच काही बोलायचं नाही.

राजम्मानं तर कमाल केली. ती रोज सकाळी जाऊन म्हणायची, "अक्का, एक सुई द्या," आणि तासाभरानं परत करायची ती दोरा ओवून. मग मी जायचे. मग तिसरी कुणी. तुळसाक्काच्या उशीवजा सुईदाणीत नेहमी सहा-सात सुया लांब शेपट्यांसह टोचलेल्या असत. इतक्या बायकांकडे एकदम सुयांची टंचाई कशी झाली, आणि उसनी नेलेली सुई ओवूनच का परत येते, हे तिनं कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. उगादीला नागेश आला तेव्हा मी मुद्दाम तिथंच बसून राहिले. तिनं चाचपून सुई उचलली, दोऱ्याचं टोक मुठीत लपवलं, दुसरंच टोक ओठांनी ओलं केलं, एक डोळा मिटला, हात लांब नेला, जवळ आणला, आणि शेवटी विजयानं दोरा सर्रकन ओढला. इतका उत्तम अभिनय मी नाटकातही पाहिलेला नाही. नागेशनं चहा संपवला आणि रात्रीच्या गाडीनं गेला.

दोन वर्षं आम्ही तिनं सांगितलं तसं शिवलं. पोपटी शेजारी जांभळा, राणीला लागून मोरपंखी, सासवांच्या मध्ये जावई. घरोघरी अशा गोधड्या तयार झाल्या, की माझा नवरा म्हणायचा, तोंडावर ओढून घेतली तरच ही बरी, कारण मग दिसत नाही. तरी आम्ही त्या तिला नेऊन दाखवायचो. ती हात फिरवायची आणि म्हणायची, "बघितलंस? ऐकलंस की कसं चांगलं होतं." आणि आम्ही हो म्हणायचो. खोटं बोलायची अशी सवय लागली, की पुढं जे झालं त्याला आम्हीच जबाबदार होतो.

झालं ते असं. एका बुधवारी पांडुअण्णानं एका वकिलाच्या मुलाच्या लग्नाचा कोट बेतून ठेवला होता. कापड नवरीकडच्यांनी मुंबईहून पाठवलेलं, राखाडी, लोकरी, उंची. शिंपी लोक बेतलेले भाग शिवायला घेईपर्यंत एकत्र गुंडाळून चिंधीनं बांधून ठेवतात. तसं ते गाठोडं फळीवर होतं आणि शेजारी कात्रणांचं गाठोडं होतं. पांडुअण्णा समोरच्या दुकानात कॉफी प्यायला गेला होता. तुळसाक्कानं हातानं चाचपलं, जाड लोकर लागली, बाप्ये आहेत हे ओळखलं आणि गाठोडं उचलून ती बसमध्ये बसली.

गुरुवारी ती इतकी खुशीत होती, की काय सांगू. एवढे मोठाले बाप्ये तिच्या आयुष्यात आले नव्हते. तिचं घर सोडून गल्लीत आठ घरं, आठांच्या आठांना मिळाले. माझ्या वाट्याला आलेला तुकडा लांबट होता, वर गोलाई होती आणि कडेला खडूच्या खुणा होत्या. लहान मुलानंही सांगितलं असतं, की ही बाही आहे. मी राजम्माकडे पाहिलं. तिच्याही हातात बाहीसारखंच काहीतरी होतं. पलीकडे एकीला अख्खी पाठ मिळाली होती आणि ती पदराखाली लपवत होती. पण दोन वर्षांची सवय. कुणी तोंड उघडलं नाही. आम्ही आपापले अवयव घेऊन घरी गेलो.

शनिवारी दुपारी पांडुअण्णा सायकल दामटत आला. घामानं निथळत होता. लग्न बुधवारी होतं. तसलं कापड बेंगळुरात मिळत नव्हतं आणि नवरीकडच्यांना काय सांगणार? चिकपेटेत त्याचं तीस वर्षांचं नाव होतं, ते एका दिवसात जाणार होतं. तुळसाक्कानं सगळं ऐकून घेतलं. ती पांढरी पडली. मग उठली आणि एकेका घराचं नाव घेऊन कुणाकडे कुठला तुकडा गेला ते धडाधड सांगू लागली. डोळे गेले होते, पण वाटणी तिला बोटाबोटाला पाठ होती. आम्ही धावलो. पाठ मिळाली, पुढचे भाग मिळाले, कॉलर मिळाली, खिशांच्या पट्ट्या एकीच्या पोळपाटाखाली मिळाल्या. फक्त डाव्या बाहीचा आतला भाग राहिला. तो राजम्माकडे होता, आणि राजम्माच्या हातांचा वेग मी सांगितलाच आहे. तिनं त्याचे सहा चौकोन कापून ठेवले होते.

पांडुअण्णा मटकन खाली बसला. मग त्याचा चेहरा उजळला. "अक्का, तू जोड," तो म्हणाला. "आतली बाजू आहे, अंगाला लागूनच राहते. मी शिवणीत दुमडायला दाबाचं कापड भरपूर सोडलंय. आणि तुझा सांधा दिसत नाही, माझ्या बाबालाही दिसत नव्हता."

ते खरं होतं. तिचा सांधा दिसत नसे. तिच्यापुढे सहा चौकोन ठेवले. राजम्मानं सुईदाणीतली ओवलेली सुई तिच्या हातात दिली. जगलीवर सगळी गल्ली. तुळसाक्कानं दोन चौकोन एकमेकांना लावले, कडा बोटांनी चाचपल्या, सुई टोचली. ती बोटात गेली. तिनं बोट चोखलं आणि परत टोचली. ती कापडाच्या बाहेरच गेली. आम्ही सगळ्या आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होतो. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं, भांडं पाडावं, दूध उतू गेलं म्हणावं. तिनं सुई मांडीवर ठेवली.

"पांडू," ती म्हणाली, "मला दिसत नाही रे."

शेवटी राजम्मा हळूच म्हणाली, "गोत्तु, अक्का. नमगेल्लारिगू गोत्तु." ठाऊक आहे, आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक आहे.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. मला स्वतःला येत होतं. पण तुळसाक्का जशी भडकली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मग गुरुवारी हातात अख्खी बाही दिली तेव्हा तोंडं शिवून घेतली होती काय तुम्ही?"

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून त्या पोराला बाहीशिवाय बोहल्यावर उभा करणार होता?"

तिनं पाच मिनिटं आमचा उद्धार केला, मराठीत आणि कानडीत, कुणाला न वगळता. पांडुअण्णालाही कॉफीवरून दोन शब्द मिळाले. मग तिनं खोल श्वास घेतला, चौकोन माझ्या आणि राजम्माच्या पुढ्यात टाकले आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे. मी सांगते, तुम्ही शिवा." ती बोटांनी कड चाचपायची, कापडाचा उभा-आडवा धागा ओळखायची, टाका किती अंतरावर घालायचा ते नखानं दाबून दाखवायची. आम्ही शिवायचो. ती परत बोट फिरवायची आणि म्हणायची, "उसव." माझ्या जन्मात मी एवढं उसवलं नव्हतं. रविवारी दुपारी बाहीचा तो भाग तयार झाला. पांडुअण्णानं उजेडात धरून पाहिला आणि घडी करून पिशवीत घातला.

लग्नाला आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी आम्ही चौघी जरीच्या साड्या नेसून गेलो. पांडुअण्णाच्या ओळखीनं तिसऱ्या रांगेत बसलो. तुळसाक्का मध्ये. नवरीला हार घालायला नवऱ्यानं दोन्ही हात उचलले तेव्हा राजम्मानं माझं मनगट इतकं दाबलं, की बांगडी वाकली.

"वर केला काय हात?" तुळसाक्कानं विचारलं.

"केला."

"लोक काय बघतात?"

"नवरीला बघतात, अक्का."

"सरी," ती म्हणाली आणि पाठ टेकून बसली. जेवणात तिनं दोनदा जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पोस्टकार्ड घेऊन बोलावलं. मी लिहायला बसले. तिनं सांगितलं ते असं: नागेश, सुई हरली. ये. मी म्हटलं, अक्का, एवढी घाई कशाला, अजून दसऱ्याला अवकाश आहे, आम्ही काहीतरी करू. ती म्हणाली, आतापर्यंत तुम्ही केलंत तेवढं पुरे झालं. कार्ड मी टाकलं, पण पेटीपर्यंत जायला मला अर्धा तास लागला.

नागेश आला. तो रागावला नाही, त्यामुळे आम्हाला जास्तच वाईट वाटलं. त्यानं महिन्याची रजा काढली, शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन करून घेतलं. वाळूच्या पिशव्यांमध्ये डोकं ठेवून न बोलता पडलेली तुळसाक्का बघायला आम्ही आलटून पालटून जायचो, आणि ती बोलत नसल्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकीला तिथं पाच मिनिटंही बसवत नसे. आम्ही गल्लीत येऊन बीरूवरची धूळ पुसायचो. हे आवरणं निरोपाचं आहे हे सगळ्यांना कळत होतं. नागेश म्हणाला होता, की चष्मा आला की तो आईला घेऊन जाणार. वय झालंय, दिसायला लागलं म्हणून काय झालं?

चष्मा आला तो काचेच्या पेपरवेटाएवढा जाड. तो लावल्यावर तिचे डोळे सगळ्या चेहऱ्यापेक्षा मोठे दिसायला लागले. ती म्हणाली, ठरलं ते ठरलं, न्याय सुईच करील. नागेश हट्टानं बाजारात जाऊन सगळ्यात बारीक नेढ्याची सुई घेऊन आला. माजघरात आम्ही भिंतीला पाठी लावून उभ्या. पहिल्या खेपेला दोरा चुकला. दुसऱ्या खेपेला टोक फाटलं. तिनं ते कात्रीनं तोडलं, ओलं केलं, आणि तिसऱ्या खेपेला दोरा आरपार गेला. राजम्मानं मोठ्यानं नाक शिंकरलं. नागेश मात्र म्हणाला, "आई, हे सगळं खरं, पण तू चलच. इथं तुझं आता काय राहिलंय?"

चष्मा सावरत ती जगलीवर गेली आणि तिथून खाली रस्त्यावर. लख्ख ऊन होतं. आणि आनंदाच्या भरात आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, की आमच्या आठही कुंपणांवर गोधड्या उन्हात घातलेल्या आहेत.

ती पहिल्या गोधडीपुढं थांबली. मग दुसरी. मग माझी. पोपटी आणि जांभळा, मधे मिरचीसारखा तांबडा जावई. ती पार टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"हे असं लावायला कुणी सांगितलं?"

"नीवे, अक्का," राजम्मा म्हणाली. तुम्हीच.

"आणि तुम्ही शिवलं."

"शिवलं," मी म्हटलं.

"दोन वर्षं?"

"हो."

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. काच नवी आहे, पाणी सुटतं, असं म्हणाली. मग मुलाकडे वळली.

"नागेश, तू जा हुबळीला. मला इथं दोन वर्षांचं सगळं उसवायचंय."

नागेश आमच्या तोंडांकडे बघत राहिला. तो हुशार माणूस होता, त्यानं वाद घातला नाही. रात्रीच्या गाडीनं तो एकटाच गेला.

पण उसवायला गोधडी द्यायला एकही बाई तयार होईना. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीनं तिचं ऐकलं नाही. राजम्मा म्हणाली, माझी थोरली तिच्याशिवाय झोपत नाही. दुसरी म्हणाली, पाहुण्यांना दिलीय. तिसरीनं सरळ दार लावून घेतलं. तुळसाक्का कात्री घेऊन दारोदार फिरायची आणि आम्ही कड्या लावून आतून कानोसा घ्यायचो. गल्लीची अशी अब्रू उन्हात वाळत पडलेली तिला बघवत नव्हती.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याची परत पुण्याला बदली झाली आणि आमचं बेंगळूर सुटलं. निघायच्या सकाळी सामान जटक्यात चढवलं, गळ्यात पडून झालं, राजम्मानं चटणीची पूड दिली. तुळसाक्का आली ती शेवटी, हातात कात्री.

"तुझी कुठाय?"

"पेटीत, अक्का. तळाशी."

"काढ. एवढा तांबडा तुकडा काढून टाकते. बाकीचं राहू दे. पुण्याची माणसं काय म्हणतील?"

"गाडी चुकेल," मी म्हटलं. खरं तर गाडीला दीड तास होता. मी पेटीवर जाऊन बसले. जटकेवाल्यानं घोडा हाकला. ती मागून चालायला लागली, एका हातानं चष्मा धरून आणि दुसऱ्या हातात कात्री उगारून, मला थांब म्हणत होती आणि मध्येच हसत होती. कोपऱ्यापर्यंत ती तशी येत राहिली, आणि मी रडत रडत पेटी दोन्ही हातांनी घट्ट दाबून बसले होते.